प्रवाळाचं घर आणि माझं पत्र

दुबईहून परत आल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण मला दोनच प्रश्न विचारायचा. सोनं काय भावाने मिळालं आणि उंच इमारती पाहिल्या का? सोनं मी घेतलं नाही. उंच इमारती पाहिल्या, पण त्या पाहण्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत, कुठेही मान वर केली की त्या दिसतातच. मला पाहायची होती ती त्या देशातली जुनी घरं, बुरूज, मशिदी. तेल सापडायच्या आधी ही माणसं कशात राहत होती, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. एकतीस वर्षं मुलींना इतिहास शिकवलेल्या बाईला असा प्रश्न पडला तर त्यात आश्चर्य नाही. पण माझ्या मुलाला, निखिलला, ते आश्चर्य वाटलं. "आई, इथे जुनं काही नाही गं," तो म्हणाला. सहा वर्षं हा मुलगा दुबईतल्या करामा वस्तीत राहत होता आणि त्याचं उत्तर हे!

शतक संपायला एक-दोन वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट आहे. पुढे ज्या गावाबद्दल लिहिणार आहे त्या गावाचं, तिथल्या कंत्राटदाराचं आणि मेस्त्रींचं नाव मी लिहिणार नाही. नावं लिहिण्याची हौस माझी एकदा पुरती भागली आहे.

रास अल खैमाच्या वाटेवर

तिथे सुट्टी शुक्रवारी. निखिलचं ऑफिस गुरुवारी दुपारी सुटायचं. सूनबाईंना शुक्रवारीही ड्यूटी होती, म्हणून निखिल, आठ वर्षांची नात राधिका आणि मी असे तिघं उत्तरेला रास अल खैमाकडे निघालो. शारजाह मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना नुसती वाळू सुरू झाली. ही वाळू आपल्या समुद्रकाठच्या वाळूसारखी पांढरट नाही, ती पिकल्या आंब्याच्या रसाकडे झुकते. अधूनमधून उंट दिसत. राधिकाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

एका कॅफेटेरियाशी थांबून वेलची घातलेला कडक चहा घेतला आणि गुंडाळलेला पराठा खाल्ला. "तीन दिरहम, म्हणजे पस्तीस रुपये," मी म्हणाले. "आई, प्रत्येक घासाला गुणाकार करू नकोस, पचणार नाही," निखिल म्हणाला. गल्ल्यावरच्या माणसाने "यल्ला, यल्ला" करत आम्हाला पुढे काढलं, कारण मागे तीन गाड्या हॉर्न वाजवत उभ्या होत्या. तिकडे लोक गाडीतून उतरत नाहीत. हॉर्न वाजवला की चहा गाडीपाशी येतो. याला ते सोय म्हणतात, मी आळस म्हणते.

प्रवाळाचं घर

समुद्रापासून दोनशे पावलांवर ते घर होतं. मोती काढणाऱ्या एका व्यापाऱ्याने बांधलेलं. मधे चौक, भोवती पाच खोल्या आणि एका कोपऱ्यात वारा पकडायचा चौकोनी मनोरा. मनोऱ्याला चारी बाजूंनी उभ्या खाचा असतात. वरून जाणारा वारा त्या खाचांतून खाली खोलीत उतरतो. वीज नसताना या लोकांनी उन्हाळे काढले ते असे. आणि त्या मनोऱ्याच्या एका खाचेत कोणा शहाण्याने एअरकंडिशनर बसवला होता! मी तिथेच उभी राहून मोठ्याने बोलू लागले. आपल्याकडे देवळांच्या काळ्या दगडाला ऑइलपेंट फासतात तेव्हा मी अशीच बोलते, आणि तेव्हाही कोणी ऐकत नाही.

"तुमी खंयचे?" वरून आवाज आला.

परांचीवर पन्नाशीचा एक माणूस थापी घेऊन बसला होता.

"पुण्याचे."

"पुण्याचे," असं म्हणून त्याने भाषा बदलली. "मग त्या भिंतीला हात लावू नका बाई. आज सकाळीच सिमेंट मारलंय."

"सिमेंट? या भिंतीला?"

तो खाली उतरला. सिंधुदुर्गातला गवंडी, तिकडच्या रीतीप्रमाणे मेस्त्री. आखातात अकरा वर्षं झालेली. घराच्या दुरुस्तीचं काम एका कंपनीला मिळालं होतं आणि कंपनीने याला इथे पाठवलं होतं. त्याने मला भिंतीचा उघडा भाग दाखवला. दगड कसला, प्रवाळ होता तो! समुद्राच्या तळातून कापून काढलेला, वजनाला हलका, आंबोळीसारखी जाळी पडलेला. त्यात शिंपले जसेच्या तसे दिसत होते.

"हा दगड दर्यातला," मेस्त्री म्हणाले. "पोटात मीठ घेऊनच आलाय. त्याला घाम येतो. चुना असला की तो घाम बाहेर जातो. सिमेंट तोंड दाबून धरतं. मग मीठ आतल्या आत दगड खातं."

त्यांनी गेल्या वर्षीच्या सिमेंटवर थापीचा दांडा आपटला. पोकळ आवाज आला. एक खपली पडली आणि तिच्यामागून दगड पिठासारखा भुरभुरत खाली आला. शंभर वर्षं उभी असलेली भिंत एका वर्षात पीठ! माझं डोकं तापलं.

"मग तुम्ही सांगत का नाही यांना?"

"कोणाला? ऑर्डर कागदावर आहे. आत-बाहेर सगळीकडे सिमेंट." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "या, आत या."

सर्वांत आतल्या खोलीत त्यांनी मला नेलं. तिच्या भिंती दुधावरच्या सायीच्या रंगाच्या होत्या आणि हात लावला तर गार. हा चुना मेस्त्रींचा स्वतःचा होता. त्यांचे वडील कोकणच्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करायचे आणि त्याच चुन्याने घरं बांधायचे. अकरा वर्षं मेस्त्रींनी इथे ब्लॉकवर ब्लॉक ठेवले, चुना कधी हाताला लागला नाही. "आणि या घरात पहिल्या दिवशी भिंतीवर हात ठेवला, तर आमच्या बापाचीच भिंत," ते म्हणाले. मग दर शुक्रवारी त्यांनी किनाऱ्यावरून शिंपले वेचले, जुन्या ड्रममध्ये भाजले, महिना-दीड महिना पाण्यात मुरवले आणि एक खोली पुरी केली.

"साहेबांना माहीत आहे?"

"साहेब आत येत नाहीत. त्यांना धूळ सोसत नाही." मेस्त्री हसले. "एक झाली, चार राहिल्या. बाहेरून त्यांना काय मारायचं ते मारू देत, आतलं मी बघतो." निखिलने कॅमेरा काढला तेव्हा मात्र त्यांनी हात आडवा धरला. "फोटो नको दादा."

दुपार कलल्यावर घराचा मालक आला. पांढऱ्या झग्यातला, हातात बारीक काठी असलेला म्हातारा. घर त्याने सरकारला दिलं होतं, पण रोज या वेळी येऊन चौकात बसायचा. मी हिंदुस्थानातली म्हटल्यावर तो खुलला. "बंबई? हम बंबई बहुत गया. मोती लेके." दरवाजा दाखवून म्हणाला, "ये दरवाजा बंबई का." मग तो आतल्या खोलीत गेला, एक तळवा चुन्याच्या भिंतीवर ठेवला आणि बाहेर येऊन दुसरा तळवा सिमेंटवर. "वो ठंडा. ये गरम. सिर्फ उस्ताद को मालूम." उस्ताद म्हणजे मेस्त्री.

तेवढ्यात जीपमधून साइट इंजिनिअर उतरला. तो निघाला आपलाच, ठाण्याचा. याचाच मला जास्त राग आला.

"काकू, स्पेसिफिकेशनमध्ये सिमेंट आहे, तर सिमेंटच मारणार ना? क्लायंटला ओपनिंगची घाई आहे. चुनाबिना ऐकायला छान वाटतं, पण टेस्ट रिपोर्ट कुठून आणू?"

"भिंत आणा की. ती पडतेय, तोच रिपोर्ट."

"इन्शाल्ला नाही पडणार," असं म्हणून तो फोनवर बोलायला निघून गेला. आत काही तो आला नाही.

डोंगरातलं कुलूपघर

शुक्रवारी सकाळी डोंगरात गेलो. हे डोंगर आपल्या सह्याद्रीचे कोणी लागत नाहीत. हिरवं म्हणून बोटभर नाही, नुसता भाजलेला दगड. तिथे डोंगरी लोकांची जुनी घरं आहेत, त्यांना कुलूपघर म्हणतात. अर्धं घर जमिनीत खणलेलं, भिंती हात-दीड हात जाड, दार एवढं बुटकं की बसून आत सरकावं लागतं. आत मातीचे मोठे रांजण. दारापेक्षा रांजण मोठे, म्हणजे आधी रांजण ठेवले आणि मग भोवती घर बांधलं! उन्हाळ्यात माणसं खजुरासाठी किनाऱ्याला उतरत, तेव्हा धान्य आत ठेवून लाकडी कुलूप घालून जात. राधिकाला ते एकदम आवडलं. "इट्स लाइक अ सीक्रेट लॉकर!" ती म्हणाली आणि रांजणात डोकं घालून ओरडली.

मग तीच म्हणाली, "आजी, लुक, हिंदी!"

दाराशेजारच्या दगडावर खिळ्याने कोरलेलं होतं, देवनागरीत. कोणा दिलीपचं नाव आणि बाण घुसलेला बदाम. गडकिल्ल्यांवर यांनी दगड सोडले नाहीत आणि आता समुद्र ओलांडून इथे! मी रुमाल ओला करून घासत बसले. खिळ्याने कोरलेलं रुमालाने जात नाही हे मलाही कळत होतं, पण राग घासून काढायला काहीतरी लागतंच. निखिल गाडीत बसून हॉर्न वाजवू लागला. तोही आता तिथलाच झाला आहे.

उतरताना एका वळणावर आमची गाडी रेतीत रुतली. ढकलायला मी आणि राधिका. शेवटी एक पठाण पाण्याचा टँकर घेऊन आला, त्याने दोर बांधून गाडी ओढली, पैसे घेतले नाहीत आणि "खलास, जाओ" म्हणाला. त्या दिवशी तोवर मला ज्याचा राग आला नाही असा तो एकटाच माणूस.

परतताना मेस्त्रींकडे जेवलो. जेवायला यायचंच, असं आदल्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत ते आणि दोन मजूर राहत. मजूर बाजारात गेले होते. पेडवे म्हणतात त्या बारक्या माशांचं तिखलं, गावाहून आणलेली कोकमं घातलेलं, आणि भात. राधिकाने काटे काढायला लावले, पण दोनदा भात मागितला. मेस्त्री तिला शिंपले ओळखायला शिकवत होते. दोन तास आम्ही बसलो, चुन्यावर बोललो, त्यांच्या गावावर बोललो. निघताना ते म्हणाले, "पुढच्या वर्षी आलात तर तिसरी खोली बघायला या."

पुन्हा करामा

मी काय केलं ते आता सांगते.

पुण्याच्या माणसाला अन्याय दिसला की तो आधी कागद शोधतो. फूटपाथ उखडला, बसथांब्याचं छप्पर गेलं, नाटकाची घंटा उशिरा वाजली, आम्ही पत्र लिहितो. आयुष्यात मी अशी किती पत्रं लिहिली असतील याची गणती नाही. मी तीन पानी इंग्रजी पत्र लिहिलं. एक प्रत त्या कामाच्या सल्लागारांना, एक संबंधित खात्याला, आणि एक कार्बन कॉपी माझ्याजवळ.

निखिलने वाचलं आणि हात कपाळाला लावला. "आई, इथे अशी पत्रं कोणी लिहीत नाही. आणि लिहायचंच असेल तर निदान मेस्त्रींचं नाव काढ."

"निनावी पत्र केराच्या टोपलीत जातं," मी म्हणाले. आमच्याकडचा तो नियमच आहे. पूर्ण नाव, पत्ता, सही, तरच पत्राला किंमत. शिवाय ज्याचं काम त्याचं नाव, हे मी एकतीस वर्षं वर्गात सांगत आले. कारागिरांची नावं इतिहासात कधी येत नाहीत म्हणून मुलींपुढे किती तरी वेळा तळमळले आहे. आता संधी आली होती. मी मेस्त्रींचं नाव, गाव, तालुका सगळं लिहिलं. त्यांनी कोणी न सांगता, स्वतःच्या सुट्टीत, एक पैसा न घेता चुना तयार करून एक खोली कशी पुरी केली, तेही लिहिलं. हे वाक्य लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मेस्त्रींना मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे सुचलंच नाही.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. जाड कागद, वर सोनेरी शिक्का. पाहणी झाली, सिमेंट चुकीचं ठरलं, ते काढून टाकण्यात येत आहे, आपल्या जागरूकतेबद्दल आभार, काम पाहायला अवश्य यावे. मी ते पत्र सूनबाईंना वाचून दाखवलं, शेजारच्या मल्याळी बाईंना वाचून दाखवलं, फोनवर पुण्यात बहिणीला वाचून दाखवलं. मग बेसन भाजायला घेतलं. मेस्त्रींसाठी लाडू.

पुन्हा त्याच गावात

बाहेरचं सिमेंट खरंच उतरवलं होतं. मनोऱ्यातला एअरकंडिशनरही गेला होता. भिंती मोकळ्या झाल्या होत्या आणि माझी छाती फुगली होती. चौकात पोत्यांची थप्पी होती. पोत्यांत चुना होता, युरोपातून जहाजाने आलेला. समुद्र दोनशे पावलांवर, किनाऱ्यावर शिंपल्यांचा खच, आणि चुना युरोपातून! एक गोरा तज्ज्ञ नम्रपणे भेटला आणि त्याने मला चुना म्हणजे काय ते पंधरा मिनिटं समजावून सांगितलं.

मी आतल्या खोलीत गेले. तिथल्या भिंती खरवडलेल्या होत्या. सायीच्या रंगाचा तो चुना खाली ढीग होऊन पडला होता.

"हे कोणी केलं?" मी ओरडलेच.

ठाण्याचा इंजिनिअर आज आत आला होता. धूळ त्याला आज सोसत होती.

"अनऑथराइज्ड वर्क, काकू. हेरिटेज बिल्डिंगमध्ये टेस्ट न केलेलं मटेरियल. कमिटीने सांगितलं, काढा."

"चुनाच तर होता तो! तुम्हीही चुनाच लावताय!"

"हा सर्टिफाइड आहे."

"आणि मेस्त्री?"

त्याने फाइल उघडली. माझ्याच पत्राची झेरॉक्स होती. 'कोणी न सांगता' या माझ्या वाक्यावर पिवळी शाई फिरवलेली होती.

"आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, काकू. प्रूफ म्हणाल तर तुमचंच लेटर. नाव, गाव, सगळं व्यवस्थित. मी बोललो वर, म्हणून व्हिसा कॅन्सल नाही झाला. जबल अलीला ट्रान्सफर केलं."

मी त्या मुलाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. खरं तर त्याने मेस्त्रींची नोकरी वाचवली होती आणि मी घालवत होते, पण हे समजायला मला गाडीत बसावं लागलं. चौकात म्हातारा मालक बसलेला होता. त्याने मला ओळखलं आणि काठी उचलून विचारलं, "उस्ताद किधर गया?" मी राधिकाचा हात धरून सरळ बाहेर आले.

जबल अली

पुढच्या शुक्रवारी निखिलने मला दुबईच्या दुसऱ्या टोकाला, बंदराजवळच्या जबल अलीला नेलं. गोदामांमागून गोदामं, त्यांच्यापलीकडे मजुरांच्या चाळी, पांढऱ्या बस ओळीने उभ्या. फाटकातून बाईमाणसाला आत सोडत नाहीत. मेस्त्री बाहेर आले आणि आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर बसलो. निखिल लांब उभा राहिला. मेस्त्री आता एका गोदामाची कुंपणाची भिंत बांधत होते. पोकळ ब्लॉक, सिमेंट, पुन्हा ब्लॉक.

"माझं चुकलं, मेस्त्री," मी म्हणाले. हे वाक्य मी फार वेळा म्हटलेलं नाही, त्यामुळे ते नीट आलं नसावं.

ते म्हणाले, "ते पत्र आहे तुमच्याजवळ?"

कार्बन कॉपी पर्समध्ये होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण पासपोर्टवरचं स्वतःचं नाव ओळखता येत होतं. बोट ओळींवरून फिरवत त्यांनी ते शोधलं.

"ह्यां माझां नाव," ते हळूच म्हणाले. मग पुढे बोट फिरवत गेले. "चार वेळा आहे. तुमचं किती वेळा?"

"एकदा. शेवटी, सहीच्या खाली."

"काय लिहिलंय माझ्याबद्दल?"

मी सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकलं, चांगल्या शब्दांना थोडे लाजलेही. मग कागदाच्या नीट घड्या घालून तो माझ्या हातात दिला.

"चांगलं लिहिलंय. खोटं काही नाही. पण बाई, तुम्ही माझ्याकडे दोन तास बसून जेवलात. तेव्हा एकदा विचारायचं होतं. मी नको म्हटलं असतं."

"मग ते घर सिमेंटमध्ये गेलं असतं, मेस्त्री." तेवढ्यातही मी वर्गातल्या बाईंसारखी बोललेच.

"चार खोल्या राहिल्या होत्या," ते म्हणाले. "दोन वर्षांत केल्या असत्या. कोणाला कळलं नसतं."

मी लाडवांचा डबा पुढे केला. "थांबा, डबा घेऊन जा," म्हणून ते आत गेले आणि पाच मिनिटांनी परत आले. डबा घासून पुसून आणला होता आणि रिकामा देऊ नये म्हणून त्यात दोन केळी घातली होती. एवढी मी चिडकी बाई, पण ती केळी घेऊन गाडीत बसल्यावर चिडायला मला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.